जांभळ्या उजेडातलं घर

सरांच्या घरी जायचं तर आधी ओट्यावर डोळे मिटून उभं राहावं लागायचं. भर दुपार, शहाद्याचं एप्रिलमधलं ऊन, पायाखालची फरशी तापलेली, आणि दाराआडून सरांचा आवाज, "मिटा. अजून मिटा. डोळ्यातलं ऊन जाऊ द्या." आमच्याकडचं ऊन असं सांगितल्याबरोबर जातं होय! पापण्यांच्या आत लालपिवळे गोळे फिरत राहायचे. मग दार वीतभर उघडायचं, सर माझ्या पर्सच्या पट्ट्याला धरून मला आत घ्यायचे आणि दार लागलीच लावून टाकायचे. आत डोळ्यात बोट घातलं तरी दिसू नये असा अंधार. बंद घराचा वास. आणि झोपलेल्या माणसाजवळ बोलावं तशा हळू आवाजात, "भितले टेकू नका, बाई. तठे ती उभी शे."

ती म्हणजे त्यांची बायको, आमच्या वहिनी. त्यांना जाऊन तेव्हा वर्ष उलटलं होतं.

मी आणि सर एकाच कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचो. ते विभागप्रमुख, मी कनिष्ठ. तोंड मात्र माझं वरिष्ठ, असं स्टाफरूममध्ये सगळे म्हणायचे आणि खरंच म्हणायचे. सर तापीकाठच्या गुजरांच्या घरातले, गावी भावाची केळी. वर्गात ते पुस्तकी मराठी बोलायचे, घरी त्यांची गुजरी, आणि माझ्याशी मनातलं बोलायचं असलं की अहिराणी. त्यामुळं सर "शे" आणि "नही" वर आले की आता हा माणूस खरं बोलणार, हे मला कळायचं.

इतरांच्या खिशाला पेन असतं, सरांच्या खिशाला टॉर्च असायची. नोटा तपासायला दुकानदार वापरतात तसली, जांभळ्या उजेडाची. जगातली प्रत्येक वस्तू तिच्याखाली धरल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. पिकलेलं केळं त्या उजेडात निळसर चमकतं, हे मी पहिल्यांदा त्यांच्याकडून पाहिलं. भावाच्या मळ्यात जाऊन ते घडांवर टॉर्च मारत बसायचे आणि भाऊ कपाळाला हात लावून बसायचा. आमच्या स्टाफरूममधल्या कुणाकुणाचे दात खोटे आहेत, हेही त्यांनी असंच शोधलं. खरे दात चमकतात, बसवलेले काळे पडतात. ज्यांचे काळे पडले ते सरांसमोर हसायचेच बंद झाले. मेल्या टॉर्चनं माणसं तोडली हो त्यांची.

तोरणमाळच्या सहलीहून आमच्या मुलांनी एक मेलेला विंचू आणला होता. सरांनी तो स्पिरिटच्या बाटलीत घालून ठेवला. प्रयोगशाळेच्या मागं एक सामानाची खोली होती, तिच्या खिडक्यांना काळा कागद चिकटवून सरांनी ती अंधारखोली केली होती. तिथं विंचवावर टॉर्च मारली की तो हिरवा पेटायचा, नांगी आणि पाय सगळं वेगळं दिसायचं. "जीव जाऊन वर्षं झाली याचा," सर म्हणायचे, "आणि उजेड अजून आहे. हे बरोबर आहे का?" मला ती खोलीच आवडायची नाही. सरांचा पांढरा शर्ट त्या उजेडात निळा भडकायचा आणि वरचं डोकं अंधारात जायचं. नुसता शर्ट तुमच्याशी बोलतोय असं वाटायचं.

आणि त्यांचं एक पालुपद होतं: "ब्लँक कुठंय?" प्रयोगात आपण एका नळीत औषध घालतो आणि एक नळी बाकी सगळं तसंच ठेवून औषधाविना सोडतो. ती कोरी नळी म्हणजे ब्लँक. तिच्यात काय झालं ते बघितल्याशिवाय दुसरीवर विश्वास ठेवायचा नाही. पण सर हे सगळीकडं लावायचे. कुणी सांगावं, अमक्या भगताच्या धाग्यानं ताप उतरला. सर विचारणार, "ब्लँक कुठंय? धागा न बांधलेला तापकरी दाखवा." नवीन प्राचार्य आल्यापासून कॉलेज सुधारलं म्हटलं, तर हे सगळ्यांसमोर म्हणाले, "ते नसते तर काय झालं असतं, ते दाखवा आधी." प्राचार्य पुढं वर्षभर त्यांच्याशी धड बोलले नाहीत.

वहिनींना या सगळ्याचं काही वाटत नसे. गोल, ठसठशीत बाई, खळखळून हसणाऱ्या. घरात माणसांची गर्दी असली की त्यांना ऊत यायचा, दहा माणसं जेवायला आली की खूश, दोनच असली की विचारायच्या, बाकीचे कुठं मेले? हळद कधी चमच्यानं घातली नाही त्यांनी. चिमूट डब्यात, चिमूट तेलात, आणि हात जो काही जवळ असेल त्याला, दाराची चौकट, फ्रिज, पदर. उजव्या हाताची करंगळी त्यांची केळीच्या मळ्यात विळा लागून वाकडी झालेली, सरळ होतच नसे. सर त्यांना काही सांगायला गेले की त्या मला म्हणायच्या, "याले दिवा धरीसन पन घरनं काही दिखत नही, माय!" आणि हसायच्या.

मग त्यांच्या छातीत गाठ निघाली. मोठ्या शहरात नेऊन ऑपरेशन केलं. मी सरांबरोबर बाहेर बसले होते. सर्जन आले, चांगला माणूस होता, थकलेला, म्हणाला, "दिसत होतं तेवढं सगळं काढलंय." सर म्हणाले, "आणि न दिसणारं?" सर्जननं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. दुसरं तो तरी काय करणार.

हे "दिसत होतं तेवढं" सरांच्या डोक्यात जे बसलं ते बसलं. त्या दिवसापासून त्यांनी आधीचं पाण्याच्या आणि मातीच्या तपासणीचं काम सोडलं आणि ते चमकणाऱ्या कणांच्या मागं लागले. कल्पना त्यांची नव्हती, जगभर लोक त्यावर काम करतात. केसाच्या जाडीपेक्षा हजारो पटींनी बारीक असे कार्बनचे कण करायचे, ते जांभळ्या उजेडात चमकतात. त्यांना असं काही जोडायचं की ते शरीरात जाऊन नेमके कॅन्सरच्या पेशींनाच चिकटतील. म्हणजे सर्जननं दिवा धरला की न दिसणारंही दिसेल. सरांनी कण केले केळीच्या खोडाच्या रसापासून. भावाकडून खोडं आणायची, रस काढायचा, जाड पोलादी डब्यात घट्ट बंद करून भट्टीत ठेवायचा. बाहेर यायचं ते कोऱ्या चहासारखं पाणी. वहिनी म्हणाल्या, "आते खोडना बी चहा करतस का?" पण अंधारखोलीत त्या चहावर टॉर्च मारली आणि असा निळा उजेड उठला की माझ्या तोंडून "अगं बाई!" निघून गेलं.

त्या कणांना सरांनी फॉलिक अॅसिड जोडलं. गरोदर बायका ज्या गोळ्या घेतात ना, तेच. कॅन्सरच्या कितीतरी पेशींना त्याची भारी हाव असते. "हावरट पेशींना जेवायला बोलवायचं आणि दिवा हातात देऊन बसवायचं," सर म्हणायचे. काम चांगलं होतं. पण औषधाचं काम वर्षांत मोजतात. वहिनींचं दुखणं महिन्यांत मोजण्यावर आलं. ते परत आलं, पसरलं, आणि एका दिवाळीनंतर त्या गेल्या. सर तेराव्यानंतर थेट प्रयोगशाळेत आले आणि म्हणाले, "कलेजी आणा, बाई." सर माळकरी, कलेजीचं नाव घेताना तोंड वाकडं करायचे, म्हणून बाजारातून बकऱ्याची कलेजी आणायचं खातं माझ्याकडं. तिच्या चकत्यांवर आम्ही हात बसवायचो, खऱ्या पेशींचं काम दुसरीकडच्या मोठ्या प्रयोगशाळेत व्हायचं.

त्या दिवशी तीन बश्या होत्या. एकीत फॉलिक जोडलेले कण, दुसरीत नुसते कण, तिसरी ब्लँक, तिच्यात कण नाहीतच. कलेजी स्वतःचीही थोडी चमकते. शरीराला आपला उजेड असतोच, तो आधी वजा करायचा असतो, ही आमच्या कामातली मोठी कटकट. पण आम्ही अंधारखोलीत टॉर्च लावली आणि ब्लँकच्या बशीत असं काही दिसलं की सर दोन पावलं मागं सरले. बशीच्या काठाला, आणि तिथून चकतीवर उतरलेला, झगझगीत पिवळट हिरवा डाग होता. आमचे कण निळे. हा रंग आमचा नव्हताच.

"कशाला काय लागलंय?" मी म्हटलं. मग शोध सुरू झाला. चिमटे, बाटल्या, टेबल, माझे हात, सरांचे हात. सर अंधारात टॉर्च घेऊन पुढं आणि मी मागं. टेबलाच्या कडेला सरांची डब्याची कापडी पिशवी होती, वहिनींनी शिवलेली. सर रोज तीच आणायचे, तीच टेबलावर ठेवायचे, तिच्यावरच हात टेकून बश्या लावायचे. टॉर्च तिच्यावर पडली.

पिशवीवर हात होता. बंदाच्या खाली, कुणी नुकतीच उचलून ठेवावी तसा. चार बोटं स्पष्ट आणि बाजूला एक वाकडी रेघ.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. ही हळद आहे, हे मला कळलं होतं. हळद जांभळ्या उजेडात अशीच चमकते, तेलातली तर जास्तच, हे मी स्वतः वर्गात शिकवलेलं. कळूनही पिशवीला हात लावायला मी पुढं झाले नाही. सर खाली स्टुलावर बसले, टॉर्च हलू न देता म्हणाले, "तुमनी वहिनी." मग त्यांनी टॉर्च विझवली, पिशवी शर्टाच्या आत घातली आणि कुणाला न सांगता घरी गेले.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. मी संध्याकाळच्या आत जाऊन बघितलं तर खिडक्यांना आतून काळा कागद, दाराच्या फटीत चिंध्या. हळदीचा डाग उन्हात टाकला की जातो, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत असतं. सरांनी घरात ऊन येणंच बंद केलं होतं.

त्या घरात काय होतं ते मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा मला घाम फुटला. दिव्यात बघाल तर साधं घर, भिंतींना फिकट ऑइलपेंट. सर पुसायलाही कुणाला हात लावू देत नव्हते. टॉर्च लागली की चौकटीवर हात. बटणाजवळ बोटं. फ्रिजच्या दारावर एकावर एक इतके हात की तिथं गर्दी झालेली. मांडणीच्या कडेला, माठाच्या कोनाड्यात, कपाटाच्या कडीवर, सगळीकडं चार बोटं आणि वाकडी रेघ. एक बाई घरभर काम करत फिरतेय आणि फक्त तिचे हात तेवढे दिसतायत. सर तिचा दिवस मला दाखवायचे. "उठस तशी आठे टेकस. मंग मीठना डबा. मंग दारले, दूधवाला उना का देखाले." उठली नाही, उठते. टेकली नाही, टेकते.

मोरीकडं जाणाऱ्या भिंतीशी मात्र ते गप्प व्हायचे. तिथं हातांची रांगच होती. वरचे हात खांद्याएवढ्या उंचीवर, पुढं पुढं खाली उतरत गेलेले, शेवटचे माझ्या कमरेशी. "वरचे आधीचे, खालचे नंतरचे," सर एकदा म्हणाले. "शेवटी वाकून चालायची. पण हे वरचे बघा, किती जुने पुसटलेले आहेत. गाठ निघायच्या आधीपासून ती भिंत धरून चालत होती, बाई. मी याच घरात होतो." त्या अंधारात मला त्यांचा चेहराही दिसत नव्हता, नुसता आवाज येत होता. मी रडले, आवाज न करता.

मी म्हटलं, फोटो काढून ठेवू या. म्हणाले, "फोटो आहेत तिचे. फोटोत ती कॅमेऱ्याकडं बघते." म्हटलं, मग ऊन तरी येऊ द्या, तुम्हाला खोकला झालाय, परवा पाय अडकून पडलात, कपाळावर खोक घेऊन वर्गात आलात. त्यावर ते म्हणाले की ऊनच काय, टॉर्चच्या उजेडानंही हळद उडते. म्हणून त्यांनी गुरुवार ठरवून घेतला होता, वहिनींचा उपासाचा वार. त्या दिवशी थोडा वेळच टॉर्च लावायची. "देखं की ती कमी होस, बाई. आनि नही देखं तं ती शेच नही."

खोडाच्या रसाचे ते निळे कण वर्षभर उजेडात ठेवले तरी तसूभर कमी होत नव्हते, त्यावर त्यांचा शोधनिबंधही छापून आला. त्यांनी तो उघडूनसुद्धा पाहिला नाही. घरात नवी हळद येऊ नये म्हणून त्यांनी स्वैपाकीण बंद केली, स्वतः रांधायचे ते बिनहळदीचं, पांढरी डाळ आणि पांढरी भाजी. गावात बोभाटा झाला की मास्तरच्या डोक्यावर परिणाम झाला, घरात बाईचं भूत पाळलंय. मी भांडायचे लोकांशी. पण घरी परतताना मलाही पाठीमागं कुणी आहे असं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

त्यांची एकुलती एक मुलगी सुरतला नोकरीला. तिचं लग्न ठरलं आणि ती माझ्याकडं आली, डोळे सुजलेले. "मावशी, मला माझ्या घरातून जायचंय. हळद घरात लागली पाहिजे, आई असती तर तिथंच लागली असती. पप्पा म्हणतात, घरात हळद येणार नाही, हॉल घे, मळ्यात मांडव घाल, कुठंही कर." मी म्हटलं, बापाचं ऐक, मळा काय वाईट आहे? तर पोरगी ताडकन उठली. "मळा वाईट नाही. पण आज हळद बाहेर ठेवली, उद्या मला बाहेर ठेवतील. माझे हात नकोत त्यांना भिंतीवर, आईचे हवेत. आई गेली, आता पप्पा तिच्यामागं आत चाललेत आणि मी ओट्यावर उभी आहे. या वेळी नाही म्हणाले ना, तर मी पुन्हा त्या घरात पाऊल टाकणार नाही." ती तिच्या आईसारखीच होती, बोललेलं करणारी. ही गेली म्हणजे सर त्या अंधारात कायमचे.

आम्ही दोघी गुरुवारी दुपारी त्यांच्याकडं गेलो. मी मुद्द्यावर येणार तोच सर म्हणाले, "लगीननं तिलेच इचारू. ती येस आते."

"कोण येतं?" मुलीनं विचारलं.

"तुनी माय. नव्या जागी हात दिखतस."

त्यांनी टॉर्च लावली. कपाटाच्या आरशावर हात होता. सर म्हणाले, हा गेल्या महिन्यात नव्हता. खुर्चीच्या पाठीवर होता, तोही नवा. मग त्यांनी खुंटीवरचा एक राखाडी शर्ट काढला. "हाऊ शर्ट ती गयी त्यानंतर शिवेल शे. तिनी कधी देखाच नही." आणि शर्टाच्या डाव्या खांद्यावर टॉर्च धरली.

खांद्यावर हात ठेवलेला होता. करंगळी सरळ की वाकडी ते कळू नये इतका फिकट, पण पुरा हात.

मुलीनं माझा दंड इतका घट्ट धरला की नखं रुतली. हळद घरात येत नाही, माझ्याशिवाय बाई घरात येत नाही, या माणसाच्या जेवणात हळद नाही, मग हा हात कुणाचा? आणि त्याच भीतीत, सवयीनं, अगदी बावळटासारखं माझ्या तोंडून निघालं, "सर, ब्लँक कुठंय?"

"काय?"

"ब्लँक. घाला तो शर्ट."

त्यांनी घातला. मी टॉर्च माझ्या हातात घेतली आणि मुलीला म्हटलं, त्यांच्या मागं उभी राहा आणि खांद्यावर हात ठेव, आईनं ठेवला असता तसा. तिनं ठेवला. मागून हात ठेवला की बोटं पुढं, छातीकडं येतात. तिची आली. पण चमकणाऱ्या हाताची बोटं मागं, पाठीकडं गेलेली होती. तिनं हात काढून घेतला.

"आता तुम्ही ठेवा, सर. तुमचा उजवा."

सरांनी उजवा हात छातीवरून नेऊन डाव्या खांद्यावर ठेवला. विचारही करावा लागला नाही त्यांना, रोज एकट्यानं बसताना ठेवत असावेत तसा तो हात आपोआप जाऊन बसला. आणि खांद्यावरचा उजेड सगळा झाकला गेला. कडेनं इतकासाही उरला नाही.

मी त्यांचा हात हळूच वळवायला सांगितला आणि तळव्यावर टॉर्च मारली. तळहाताच्या रेषांत पिवळं हिरवं बारीक जाळं पेटलं.

"रोज लावत होतात ना हात? त्यांच्या हातांवर?"

"हां."

"हातमोजे घातले नाहीत म्हणून पोरांना वर्गाबाहेर काढता तुम्ही. आणि स्वतः?"

"हातमोजा घालीसन तिले हात लाऊ का मी?" सर म्हणाले. मग त्याच तळव्याकडं बघत, "म्हणजे मीच पुशी टाकी तिले. जठे जठे ती व्हती तठून मीच उचली लयी गऊ."

ते खाली बसले, भिंतीला टेकून, जिथं मला कधी टेकू दिलं नव्हतं तिथंच. पोरगी त्यांच्यासमोर बसली आणि तिनं तो हात आपल्या मांडीवर घेतला. "पप्पा, तिला कुणीच राखू शकत नाही हो. मला तरी राखा." तिच्या आवाजात राग राहिलाच नव्हता. मी टॉर्च विझवली, कारण ते दोघांचं होतं आणि मला बघायचं नव्हतं. अंधारात सरांचं रडणं ऐकू येत होतं, वहिनी गेल्या तेव्हाही मी ते ऐकलेलं नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "घरमाच लाव हळद."

हळदीच्या दिवशी त्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. तापीकाठच्या सगळ्या मावश्या, आत्या, मळ्यातल्या बाया, पोरंसोरं. खिडक्यांचे कागद अजून तसेच, म्हणून भर सकाळी दिवे लावलेले. जात्यावर दळलेली हळद परातीत कालवली होती. बाया एकमेकींच्या तोंडाला फासत होत्या, गाणी म्हणत होत्या, ओल्या हातांनी भिंती धरत होत्या. मी सरांच्या शेजारी उभी होते आणि एकेक हात भिंतीवर पडला की त्यांच्या तोंडाकडं बघत होते. सर बघत होते. मोरीच्या भिंतीला एक म्हातारी दोन्ही हात टेकून उठली, अगदी त्या रांगेवर. सरांनी ओठ घट्ट मिटले, पण ते जागचे हलले नाहीत. मग मुलीनं हाक मारली तसे ते पुढं गेले, उजवा हात मनगटापर्यंत परातीत बुडवला आणि तिच्या दोन्ही गालांना लावला. त्या हातावर आधीचं जे काही उरलं होतं, ते त्या हळदीत मिसळून गेलं.

लग्न झालं, पोरगी सासरी गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी सरांचा निरोप आला म्हणून मी गेले. पाहुणे उठून गेले होते, घर पुन्हा काळंकुट्ट. मला वाटलं, झालं, गडी पुन्हा बसला आत. सरांनी टॉर्च लावली.

देवा रे! घराला भिंती उरल्याच नव्हत्या, नुसते हात होते. पोरांचे गुडघ्याएवढ्या उंचीवर, म्हाताऱ्यांचे चौकटीला, बायांचे जिथं तिथं, ओघळलेले, पुसलेले, एकमेकांवर चढलेले. दाराशी तर एक हात छताजवळ होता, तो तिथं कसा गेला कोण जाणे. सगळे चमकत होते आणि घरात चिटपाखरू नव्हतं. मला पळून जावंसं वाटलं. सर एकेका भिंतीजवळ जात होते, वाकून बघत होते, चौकट, बटण, फ्रिज, मोरीची भिंत. मी त्यांच्या मागं, जीव मुठीत धरून.

"सापडल्या का?" मी विचारलं.

"नही." ते सरळ झाले. मला वाटलं आता हा माणूस कोसळतो. पण त्यांचा आवाज कितीतरी दिवसांनी साधा होता, स्टाफरूममधल्यासारखा. "वर्षभर एकटी फिरी ऱ्हायनी व्हती ती या घरमा, बाई. मीच कोंडी ठेवेल व्हती. आते इतल्या बाया शेतस. मन्हाकडे देखाले तिले आते येळ नही."

एवढं बोलून त्यांनी टॉर्च विझवली आणि अंधारात चाचपडत जाऊन पश्चिमेच्या खिडकीवरचा काळा कागद दोन्ही हातांनी ओढून काढला.